खाडी रंगवलेला पडदा

नातीला कॉलेजसाठी बंगळुरूला जायचंय. तिची मोठी बॅग माळ्यावर होती, ती काढायला मी स्टुलावर चढलो आणि घरात एकच ओरडा झाला. मुलुंडच्या ह्या घरात मला स्टुलावर चढायला बंदी आहे. औषधाच्या गोळ्या मोजून मिळतात, चहातली साखर मोजून मिळते, आणि स्टूल तर माझ्यासाठी नाहीच. सून धावत आली. "बाबा, आधी खाली उतरा बरं! पडलात म्हणजे वाट लागेल ना आपली सगळ्यांची!" मी उतरलो, पण रिकाम्या हाताने उतरलो नाही. बॅगेच्या मागे सुतळीने आवळलेलं एक गाठोडं होतं, ते ओढूनच खाली आलो.

"ई, ह्याला कसला वास येतोय?" नात म्हणाली. "आत उंदीर मेलाय का, आजोबा?"

उंदीर नव्हता. सरस होता. जनावरांची हाडं-कातडी उकळून केलेला हा डिंक. पडदे रंगवणारे लोक तो पातळ करून रंगाच्या पुडीत कालवायचे. कापडावर रंग धरून ठेवायला त्याच्यासारखं दुसरं काही नव्हतं, पण वास असा की नवखा माणूस नाकाला रुमाल लावी. इतक्या वर्षांनी तो वास आला आणि मी तिथेच, गाठोड्याच्या शेजारी, लादीवर बसलो. सुनेला वाटलं मला चक्कर आली. तिने पाणी आणलं. बोलण्यापेक्षा पाणी पिणं सोपं होतं, म्हणून प्यायलो.

गाठोडं सोडलं. जाड कापड, घड्याघड्यांवर चिरलेलं. उलगडताना निळी-पांढरी भुकटी लादीवर सांडत गेली. दोन्ही बाजूंना राजवाड्याचे खांब, मध्ये महिरपीची खिडकी, आणि त्या राजेशाही खिडकीतून दिसणारी आमच्या गावची खाडी.

मी अंधेरीला आलो तेव्हा नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते. आमच्या देवगडाकडच्या गावातून मॅट्रिक होऊन कॉलेजला निघालेला मी पहिलाच. निघालो म्हणजे काय, तर शाळामास्तरांनी त्यांची पत्र्याची ट्रंक दिली, वडिलांनी सामान डोक्यावर घेऊन खाडीपर्यंत पोचवलं, आणि होडीतून मला मोठ्या बोटीवर चढवून दिलं. ट्रंकेत दोन सदरे, उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, सोलं. आई काठावर उभी होती. तिने हात हलवला नाही. निरोपाला हात हलवणं तिला खुळेपणाचं वाटे. हिरवं लुगडं, खोचलेला पदर, दोन्ही हात कमरेवर, अशी ती उभी राहिली, आणि होडी वळणाआड जाईपर्यंत तशीच दिसत राहिली. बोटीवर वांत्यांचा, डिझेलचा आणि सुक्या मासळीचा वास होता. भाऊच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा जमीनसुद्धा हलत होती.

अंधेरीला आमच्या गावची खोली होती. कोकणातल्या बऱ्याच गावांच्या अशा खोल्या तेव्हा मुंबईत होत्या. सगळ्यांनी मिळून भाड्याने घेतलेली एक खोली, आणि गावातून जो येईल त्याला तिथे एका चटईची जागा. आमच्या गावचे लोक सुतारकामातले. अंधेरीला सिनेमाचा एक स्टुडिओ होता, तिथे सेट उभारायला सुतार लागत, म्हणून आमची खोली इकडे. दिवसभर ही माणसं राजवाडे बांधत, देवळं बांधत, महिनाअखेरीला स्वतःच्या हातांनी ते पाडत, आणि संध्याकाळी केसांत भुसा घेऊन घरी येत. खोलीतले सगळे आमच्या भावकीतले, एकाच आडनावाचे. दाजीकाका त्यांच्यात वडीलधारे. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. बोलायला कमी, आणि मिशी अशी की स्टुडिओतल्या सेनापतींनीसुद्धा वळून बघावं.

मला कॉलेजात नादारी मिळाली होती, म्हणजे फी माफ. पण नादारी टिकायची तर इंटरची परीक्षा एका दमात पास व्हायला हवं होतं. एक पेपर जरी चुकला तरी वर्ष गेलं आणि नादारीही गेली, मग परतीची बोट. हे मला माहीत होतं, आणि खोलीतल्या सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. माझं जेवण त्यांच्या खात्यावर. शेजारच्या खोलीतली सरसूआक्का खाणावळ चालवायची. ती राजापूरकडची, विधवा, तोंडाने फटकळ. आमच्या नात्यातली नाही, भावकीतली नाही, पण माझ्या ताटात भात वाढताना तिचा हात नेहमी जरा जड पडे.

चपला एकच जोड होती. कॉलेजची वाट भाताच्या खाचरांतून, म्हशींच्या तबेल्यांमागून जायची. मी चपला हातात घेऊन चालायचो आणि कॉलेजच्या फाटकाशी पाय झटकून घालायचो. माझ्यासारखे आणखी दोघेतिघे तिथे वाकलेले असत. आम्ही एकमेकांकडे बघत नसू. थंडीत पांघरायला गणूने स्टुडिओतून टाकून दिलेला एक अंगरखा आणला होता. कुठल्या तरी सरदाराचा, जरीचा, काखेत फाटलेला. तो पांघरून मी दोन हिवाळे काढले. नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "झकास!" झकास होतं खरं. फक्त जर टोचायची.

गणूविषयी सांगायला हवं. गणू दाजीकाकांचा पुतण्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. त्याला सुतारकाम जमलं नाही, म्हणून पडदे रंगवणाऱ्या पेंटरच्या हाताखाली घातला होता. त्याचं काम सरस उकळायचं. त्यामुळे तो अंघोळ करून आला तरी सरसाचाच वास घेऊन यायचा आणि त्याच्या शेजारी झोपायला कुणी तयार नसायचं. मला तेवढीच जागा मोकळी मिळाली, म्हणून मी त्याच्या शेजारी. कुचेष्टा हा त्याचा श्वास होता. दाजीकाकांची मिशी, आक्काची आमटी, माझं इंग्रजी, कशालाच त्याने सोडलं नाही.

खोलीत माझा अभ्यास होईना. पत्ते, विड्या, गप्पा, गुरुवारचं भजन. कुणी मुद्दाम त्रास देत नव्हतं, पण माणसं म्हटली की आवाज आलाच. तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी गणू खांद्यावर गुंडाळी टाकून आला. स्टुडिओतला बाद झालेला पडदा. राजवाड्याची खिडकी आणि बाहेर चांदण्यातली बाग. खोलीच्या कोपऱ्यात दोन खिळ्यांना दोरी बांधून त्याने तो पडदा लावला, आत ट्रंक ठेवली, ट्रंकेवर कंदील. "घे. ह्यो तुझो राजवाडो. आता पास झालंस नाय तर बघ."

पण ती बाग त्याला आवडत नव्हती. आठवड्याभराने स्टुडिओतला उरलेला रंग डबड्यात घेऊन आला आणि बागेवर सरळ आमची खाडी रंगवायला बसला. माडांची रांग, होडी, पलीकडचा डोंगर. मग काठावर ब्रशाचा एक हिरवा फटकारा आणि त्याच्यावर पांढरा ठिपका.

"ही तुझी आवस," गणू म्हणाला. "अभ्यास सोडून भायर बघलंस तर तिका दिसतला."

मी म्हटलं, "अरे, आई कसली, हा तर बगळा वाटतो."

"बगळो तर बगळो. बगळ्याचा लक्ष कधी चुकणा नाय."

त्यानंतर त्या फटकाऱ्याकडे बघितल्याशिवाय मी पुस्तक उघडलं नाही. कंटाळा आला की मी तिच्याशी बोलायचोसुद्धा, मनातल्या मनात. गणूला हे कधी कळू दिलं नाही. त्याला आयतं कोलीत मिळालं असतं.

आईकडून गाठोडी यायची. बोटीने गावचा कुणी ना कुणी मुंबईला येत असे, त्याच्याबरोबर. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली, आणि तोंड दोऱ्याने शिवलेलं. आईचे टाके बारीक आणि एकसारखे, मुंग्यांच्या रांगेगत. मी ते कधी दाताने तोडले नाहीत. एकेक उसवून काढायचो, म्हणजे उघडायला वेळ लागे आणि तेवढा वेळ गाव जवळ असे. आत सोलं, पीठ, आणि चैत्राच्या सुमाराला भाजलेले काजू, अख्खे, पांढरे, एकही तुटलेला नाही. काजू भाजून फोडणं हे चटके खाण्याचं काम. तिची बोटं त्या दिवसांत काळी झालेली असत.

परीक्षेच्या आधीच्या एका दुपारी असं एक गाठोडं आलं. मी पडद्याआड होतो. बाहेर कुणाच्या तरी चपला वाजल्या, दारातच कुणीतरी हलक्या आवाजात बोललं, आणि मग बोलणं मध्येच थांबलं.

मी आतून विचारलं, "कोण आलंय, काका?"

"कोण नाय रे. गाववालो," दाजीकाका म्हणाले. "तुझा गाठोडा इला हा बोटीन. तू वाच."

पडद्याखालून एक हात आला आणि गाठोडं आत सरकलं. मग दाजीकाका पडद्याला पाठ टेकून बसले. त्यांची रुंद पाठ त्या कापडातून उमटली, बरोबर खाडीच्या मधोमध. ती पाठ हलत होती. मला वाटलं, भुशाचा खोकला उठलाय. सुतारांना तो असायचाच. मी गाठोडं घेतलं. ह्या वेळचे टाके लांब लांब, वाकडे, भाताची गोणी शिवताना घालतात तसे. कामाची घाई असेल, असं मनाशी म्हटलं. काजू अर्धे तुटलेले आणि पुष्कळ करपलेले. मी एक तोंडात टाकला आणि पडद्यातून ओरडलो, "काका, माणूस परत जाईल त्याच्याबरोबर निरोप द्या, आईला म्हणावं काजू करपवू नकोस!"

मग ते म्हणाले, "सांगतंय."

त्या दिवसांचं मला सगळं आठवतं, म्हणूनच त्रास होतो. खोली अगदी गप्प झाली होती. पत्ते बंद. गुरुवारचं भजन बंद. रवळनाथाच्या तसबिरीपुढचा दिवा बंद. गणूला विचारलं तर म्हणाला, उंदीर तेल पितात. लोक हलक्या पावलांनी येत, जेवत आणि झोपत. हे सगळं माझ्या परीक्षेसाठी चाललंय असं मला वाटत होतं, आणि तसं ते खोटंही नव्हतं. मला संकोच व्हायचा, आणि आतून जरा ऐटही वाटायची. कॉलेजातला कोण मुलगा असा होता, ज्याच्यासाठी अख्ख्या खोलीने भजन सोडलं होतं?

फोडणीचा वास बदलला होता. सरसूआक्का एरवी मोठ्या पातेल्यात फोडणी द्यायची तेव्हा चाळीला ठसका लागायचा. आता तो ठसका लागत नव्हता. पळीभर तेलाची इवलीशी चर्र ऐकू यायची आणि मग आक्का स्वतः माझी वाटी घेऊन यायची, पडद्यापाशी. "गरम आहे तोवर खा. परीक्षेत पोट सांभाळावं." बाहेर बाकीचे काय जेवतात हे मी कधी बघितलं नाही. पडदा होता ना.

पेपर सुरू झाले. गणू रोज मला कॉलेजच्या फाटकापर्यंत पोचवायला यायचा आणि सुटायच्या वेळी तिथेच उभा असायचा. कामाला दांडी मारून. रस्त्यात गावचं कुणी दिसलं की तो मला दुसऱ्याच वाटेने वळवायचा. मी म्हटलं, "गण्या, तू माझ्यासाठी येतोस की कॉलेजच्या मुली बघायला?" तो म्हणाला, "मुली बघूक. तुझ्यात काय बघण्यासारख्या हा?" गणिताचा पेपर मला फार छान गेला. मी चपला हातात घेऊन शीळ घालत खाचरांच्या बांधावरून आलो. गणू मागून येत होता, एक अक्षर न बोलता. मी वळून विचारलं, मूग गिळलेस का रे. तो नुसता हसला. इतकं वाईट हसू त्याच्या तोंडावर मी आधी कधी बघितलं नव्हतं, आणि तरीही मी शीळ घालत पुढे गेलो.

आणि मग ती संध्याकाळ. दाजीकाका, गणू आणि खोलीतले उरलेले दोघे घरी आले ते तुळतुळीत डोक्यांनी. दाजीकाकांची मिशीसुद्धा गेलेली. मी पडद्यातून डोकं बाहेर काढलं आणि बघतच राहिलो.

"हे काय, काका?"

"सरसाचो डबो उलटलो डोक्यार," दाजीकाका भिंतीकडे बघत म्हणाले. "निघाक नाय. म्हणान काडून टाकलंय."

"आणि मिशी?"

"मिशेरय सांडलो."

"आणि तुम्ही तिघे?"

गणूने दोन्ही हात जोडून डोळे मिटले. "आमी साधू. पौराणिक पिच्चर हा. साधूंचो सीन. टकल्यांका घेतत."

मी इतका हसलो की कंदील हलला. गणूच्या डोक्यावर तबला वाजवला. दाजीकाकांना म्हटलं, मिशीशिवाय तुम्ही अगदी शाळकरी दिसता. त्यांनी ते ऐकून घेतलं. गणूने मान खाली धरली होती, मला नीट वाजवता यावं म्हणून. ते हसू अजून माझ्या कानात आहे. माझंच आहे, आणि मला ते कुठेही ठेवता येत नाही.

शेवटचा पेपर देऊन आलो तेव्हा दारात पाण्याने भरलेली बादली होती. उन्हाळा आहे, पाय धुवायला ठेवली असेल, म्हणून मी त्यात हात बुडवला, तोंडावर पाणी मारलं. आत गेलो. पडदा काढलेला होता. घडी करून ट्रंकेवर ठेवला होता. खोली एकदम मोठी आणि ओकीबोकी दिसली. सगळे कामावरून लवकर आले होते आणि भिंतीला लागून बसले होते. सरसूआक्का दाराच्या कडेला, पदर तोंडाशी.

"बरो गेलो पेपर?" दाजीकाकांनी विचारलं.

"चांगला गेला."

"बस."

मी बसलो.

"तुझी आवस गेली रे बाबा."

कुणी रडत नव्हतं. त्यांचं रडून झालं होतं. मी त्या सगळ्यांच्या डोक्यांकडे बघितलं. केस नुकते फुटत होते, काळी-पांढरी खुंटं. मला सगळं एकदम कळलं आणि तरी तोंडातून भलताच प्रश्न निघाला.

"मग ते गाठोडं कुणी शिवलं?"

"बापाशीन," दाजीकाका म्हणाले.

काजूसुद्धा वडिलांनीच भाजले होते. गाठोडं गेलं नाही तर पोराला संशय येईल म्हणून. मला कळवू नका हा निरोप त्यांचाच होता, की दाजीकाकांनी ठरवलं, की जाण्याआधी आईच काही बोलली होती, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही विचारलं नाही. दाजीकाकांनी एवढंच सांगितलं, "कानार पडल्याबिगर सुतक लागणा नाय. म्हणान तुझ्या कानार पडाक देवक नाय आमी. आमच्या कानार पडला, आमी पाळला." भावकीचं सुतक. दिवा नाही, फोडणी नाही, भजन नाही, डोक्यावर केस नाहीत. माझ्यापासून चार हातांवर, एका पडद्यापलीकडे, त्यांनी माझ्या आईचं सुतक चोरून पाळलं होतं. आक्का भावकीबाहेरची, तिला सुतक नव्हतं, म्हणून पळीभर फोडणी तिच्या हातून.

त्यांनी मला दारात नेऊन अंगावरच्या कपड्यांसकट बसवलं आणि ती बादली माझ्या डोक्यावर ओतली. ज्या पाण्याने मी मघाशी तोंड धुतलं, तेच पाणी.

मला राग आला होता. हे लिहायला हवं, कारण अशा माणसांविषयी लिहिताना राग गाळून टाकायची आपल्याला सवय असते. माझी आई, आणि गावाला कळलं, खोलीला कळलं, शेजारणीला कळलं, आणि मला सगळ्यांच्या शेवटी. आजही तो राग पुरता गेलेला नाही. मी इंटर पास झालो, नादारी टिकली, पुढची सगळी नोकरी, हे मुलुंडचं घर, हे स्टूल, सगळं त्या न चुकलेल्या पेपरांवर उभं आहे. म्हणून राग गेला, असं होत नाही. आणि त्या चौघांइतकी माया पुढे माझ्यावर कुणी केली नाही, तेही तितकंच खरं.

कधी कधी वेगळंच वाटतं. त्या दिवसांत आई सगळ्यांसाठी गेलेली होती. वडिलांसाठी, खाडीसाठी, दाजीकाकांसाठी. सगळ्या जगात एकच जागा अशी होती की जिथे ती जिवंत होती. अंधेरीच्या एका खोलीचा कोपरा, एक ट्रंक, एक कंदील, आणि कापडावरचा एक हिरवा फटकारा. तिथे ती काजू करपवायची, तिथे तिला निरोप धाडता यायचे, तिथे तिचा पोरगा गणिताच्या पेपराची बढाई तिला मनातल्या मनात सांगायचा. एवढे दिवस तिला मी जास्तीचे मिळवून दिले, की त्या लोकांनी मला, कुणास ठाऊक.

त्या संध्याकाळी आक्काने सगळ्यांना सारखंच वाढलं. पांढरा भात आणि बिनफोडणीचं वरण. त्यांचं सुतक फिटलं होतं, माझं त्या दिवशी लागलं होतं. मी म्हटलं, तुम्ही कशाला असं जेवताय, तुमचं झालंय. दाजीकाकांनी वर बघितलं नाही. "जेव," एवढंच म्हणाले. मी गावाहून परत येईपर्यंत खोलीत फोडणी पडली नाही, हे मला आक्काने पुढे सांगितलं. तेही भांडणात, मला सुनवायला.

खोली आता नाही. चाळ पडली, तिथे काचेची इमारत आहे, आणि खाचरांवरून मेट्रो जाते. मागे एकदा मुद्दाम जाऊन आलो. एक ताड तेवढा ओळखीचा वाटला, पण ताडाचं काय, सगळे सारखेच दिसतात. दाजीकाका गावी परतले आणि तिथेच वारले. गणूच्या छातीत रंगाची पूड बसली होती, तो चाळिशीही गाठू शकला नाही. मी नोकरीला लागून खोली सोडली तेव्हा माझं अंथरूण त्यानेच ह्या पडद्यात बांधून दिलं होतं.

"आजोबा, ही कोण?" नातीने खिडकीतल्या त्या फटकाऱ्यावर बोट ठेवलं. हिरवा जवळजवळ गेलाय, पांढरा ठिपका तेवढा आहे.

"माझी आई."

"ही?" ती वाकून बघायला लागली. "ही तर बगळ्यासारखी दिसते."

तिची बॅग अजून माळ्यावरच होती. तिची आई आतून ओरडून काय काय घेतलंस ते विचारत होती आणि ही कुरकुरत उत्तरं देत होती. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही रडलात तेव्हा?"

त्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी रडलो.

सकाळी बोट पकडायची होती, त्याआधी केस काढायचे होते. स्टेशनच्या वाटेवर चिंचेखाली न्हावी बसायचा. दाजीकाका मला घेऊन गेले, गणू मागून आला. मी विटेवर बसलो. पाणी डोक्यावर पडलं, वस्तरा कपाळापासून मागे गेला, आणि माझे केस मांडीवर पडायला लागले. ते केस आईच्या तेलाचे होते, आईच्या हाताच्या विंचरण्याचे होते, आणि ते बघताना मला रडू फुटलं ते थांबेना. न्हाव्याचा हात थबकला. दाजीकाका दुसरीकडे बघायला लागले.

तेव्हा गणू पुढे आला. शेजारची वीट त्याने पायाने सरकवून घेतली आणि माझ्या बाजूला बसला, खांद्याला खांदा लावून, तसाच सरसाच्या वासाचा. त्याच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढेसुद्धा केस आले नव्हते. न्हावी म्हणाला, "तुमचं तर मागेच केलंय की."

"परत कर," गणू म्हणाला आणि त्याने मान खाली धरली. "साधूंचो सीन परत घेवचो हा. पयलो बिघाडलो."

न्हाव्याने वस्तरा पाण्यात बुडवला आणि आम्हा दोघांची डोकी एकामागून एक केली.